ढाणकीहून जपान-चीनकडे, मराठीच्या वाटेने

औरंगाबादपासून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून, साधारण २५ किलोमीटरवर गाडिवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, परदेशी भाषा शिकायची तर कोणती? बहुतेकांनी जपानी सांगितली. कारण सरळ होते: त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञान यांत रस होता. शाळेकडे ना जपानीचे पुस्तक होते ना शिक्षक. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप यांच्या आधाराने गाडी सुरू झाली. पुढे शहरातल्या एका जपानीच्या जाणकाराने विनामूल्य शिकवायची तयारी दाखवली आणि २०२०च्या टाळेबंदीत हे वर्ग ऑनलाइन चालले. वर्षभरात मुले एकमेकांशी जपानीत बोलू लागल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या.

गाडिवाटला जे जमले ते ढाणकीला का जमू नये? यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले हे कापूस-सोयाबीन-हळदीचे, बाजारपेठेचे गाव. खाली पैनगंगा, नदी ओलांडली की हिमायतनगर, म्हणजे नांदेड जिल्हा. पुण्यात जपानीचे वर्ग अनेक आहेत, विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. ढाणकीत यातले काही नाही. पण ढाणकीच्या मुलाकडे एक गोष्ट आहे जी लंडनच्या मुलाकडे नाही. त्याची मातृभाषा मराठी आहे, आणि जपानीच्या बाबतीत हा फार मोठा आधार आहे. चिनीच्या बाबतीतही थोडा आहे. तो आधार वापरायचा कसा, हाच या प्रकरणाचा विषय.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था राजदूतावासात जाणाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या हिशेबाने जपानी किंवा चिनी कामापुरती यायला वर्गातले २२०० तास लागतात. हा आकडा सांगून आपल्याकडच्या पुस्तकांत आणि क्लासांत मुलांना घाबरवले जाते. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी काढलेला आहे. त्याच यादीत मराठी ही ११०० तासांची भाषा आहे! ज्याला मराठी आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्याने हे घड्याळ आपल्या मनगटावर बांधायचे कारण नाही.

वाक्यरचनेपासून सुरुवात करू. ‘वाताशी वा गाक्कोओ नि इकिमास.’ वाताशी म्हणजे मी, गाक्कोओ म्हणजे शाळा, नि म्हणजे आपला ‘त’ किंवा ‘ला’, इकिमास म्हणजे जातो. मी शाळेत जातो. मधला ‘वा’ वाक्याचा विषय दाखवतो, ‘मी तर’ मधल्या ‘तर’सारखा. शब्दांचा क्रम जसाच्या तसा. क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. ‘निहोन नो कुरुमा’ म्हणजे जपानची गाडी. ‘नो’ हा आपला ‘चा-ची-चे’. ‘तोओक्योओ कारा ओसाका मादे’ म्हणजे टोकियोपासून ओसाकापर्यंत. ‘वाताशी मो’ म्हणजे मीसुद्धा. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतात: ‘इकिमास का?’ जाता का? हिंदीवाल्याला ‘क्या’ वाक्याच्या आरंभी घ्यायची सवय असते, आपल्याला तेवढेही बदलावे लागत नाही. आणि ‘सामुइ देस ने’ मधला ‘ने’ म्हणजे ‘थंडी आहे ना’ मधला ‘ना’.

खरी गंमत पुढे आहे. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो तेव्हा खाणे आणि बघणे अशा दोन क्रिया मनात नसतात. चव घेऊन पाहा, एवढाच अर्थ. जपानीत हेच ‘ताबेते मिरु’, आणि तिथेही ‘मिरु’ म्हणजे बघणे. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘वासुरेते शिमाउ’ म्हणजे विसरून जाणे. इंग्रजीतून जपानी शिकणारे या ‘ते’ रूपावर अनेक आठवडे घालवतात, त्याचे तक्ते पाठ करतात. मराठी मुलाने मनात ‘-ऊन’ म्हणावे आणि पुढे जावे. तसेच ‘काल आलेला माणूस’: जपानी ‘किनोओ किता हितो’, काल-आलेला-माणूस. जो-तो, ज्याने-त्याने असे काही नाही. शिवाय क्रियापदाला लिंग-वचन नाही. गेला, गेली, गेले, गेल्या यांच्याऐवजी एकच रूप. आपल्या भाषेने परदेशी लोकांना जेवढा त्रास दिला आहे, त्याच्या निम्माही जपानी आपल्याला देत नाही.

आता लिपी. जपानीत तीन प्रकारची अक्षरे आहेत: हिरागाना, काताकाना आणि चीनमधून आलेली चित्राक्षरे, ज्यांना कांजी म्हणतात. पहिल्या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे. त्यांचा क्रम पाहा: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? वाटलाच पाहिजे. जपानमध्ये बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र वाचण्यासाठी सिद्धम् नावाची भारतीय लिपी शिकत. कूकाई या भिक्षूने नवव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये जाऊन ती विद्या आणली. या अभ्यासाच्या परंपरेतून, अकराव्या शतकाच्या सुमारास, जपानी अक्षरे भारतीय वर्णमालेच्या क्रमाने लावली गेली. जपानी मूल आजही शब्दकोश याच क्रमाने चाळते.

या क्रमात दोन ठिकाणी घोटाळा दिसतो. ‘का’नंतर च-वर्गाच्या जागी ‘सा’ कसा, आणि प-वर्गाच्या जागी, ‘मा’च्या आधी, ‘हा’ कसा? कारण क्रम लागला तेव्हा जपानी ‘सा’चा उच्चार च-त्सच्या जवळचा होता आणि ‘हा’ हा मुळात ‘पा’ होता. उच्चार बदलले, जागा तशाच राहिल्या. पुरावा अक्षरांतच आहे: ‘का’वर दोन टिंबे दिली की ‘गा’ होतो, ‘ता’वर दिली की ‘दा’, आणि ‘हा’वर दिली की ‘बा’. ‘ह’चा ‘ब’ कसा होईल? ‘प’चाच होणार. ट-वर्ग जपानीत नाही, म्हणून तो गाळला. एवढे एकदा समजले की ४६ अक्षरांचा तक्ता पाठ करायला उरतोच किती? आकार तेवढे शिकायचे. क्रम तुम्ही पहिलीतच शिकलात.

कूकाईने स्थापलेल्या कोयासान मठाशी महाराष्ट्राचे अलीकडचे नातेही आहे. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्र शासनाने दिलेल्या या पुतळ्याचे अनावरण २०१५मध्ये झाले. विदर्भात तर जपानी कानावर पडण्याचे प्रसंग जुने आहेत. निचिदात्सु फुजी हे भिक्षू, ज्यांना वर्ध्याचे लोक फुजी गुरुजी म्हणत, १९३३मध्ये गांधीजींना वर्ध्यात भेटले. सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेतला ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र त्यांच्या संप्रदायाचा. तो सद्धर्मपुंडरीक या संस्कृत सूत्राच्या नावाला केलेला नमस्कार आहे: संस्कृतातून चिनीत, चिनीतून जपानी उच्चारात, तिथून वर्ध्याला परत. नागपूरचे भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई हे जपानहून आले, १९६०च्या दशकात नागपूरला स्थिरावले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. ते इथली भाषा शिकले, हे आपण गृहीत धरतो. उलटा प्रवास मात्र आपल्याला अवघड वाटतो.

वारांची नावेही भारत-चीन-जपान याच वाटेने गेली. जपानीत रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा. पुढे मंगळवारला अग्नी, बुधवारला पाणी, गुरुवारला लाकूड, शुक्रवारला धातू आणि शनिवारला माती. हे विचित्र वाटते, पण पूर्व आशियात मंगळाला अग्नितारा म्हणतात, बुधाला जलतारा, आणि असेच पुढे. म्हणजे ग्रह तेच, क्रमही तोच.

अवघड काय आहे, तेही सांगतो. पहिली अडचण ह्रस्व-दीर्घाची. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. बोलताना मराठी माणूस ह्रस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करतो, ते इथे महागात पडते. दुसरी आदराची. आपण बाहेरच्या माणसाशी बोलतानाही ‘आमचे साहेब आलेत’ म्हणतो. जपानी कर्मचारी बाहेरच्यांसमोर आपल्याच साहेबाच्या नावापुढचे ‘सान’ काढून टाकतो आणि नम्र क्रियापद वापरतो. आपल्या गटाचा मान बाहेर मिरवायचा नाही, असा तिथला रिवाज. तिसरी कांजीची. रोजच्या वापराची सरकारी यादी २१३६ अक्षरांची आहे, त्यातली १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवतात. आणि एकेका अक्षराचे दोन-दोन उच्चार. पाण्याचे अक्षर एकटे असले की ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुइ’. आपणही ‘पाणी’ पितो पण खात्याला ‘जलसंपदा’ म्हणतो, तसेच. याला सोपा मार्ग नाही. रोज पाच अक्षरे वहीत लिहायची, बस.

चिनीकडे वळण्याआधी सोलापूरच्या माणसाची आठवण हवी. १९३८मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चिन्यांनी पाचही जणांच्या नावांना ‘हुआ’ हे चीनवाचक अक्षर जोडले. कोटणीस झाले ‘ख तिहुआ’. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी इतकी शिकले की चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शल्यक्रिया शिकवू लागले आणि त्या विषयाचे पाठ्यपुस्तकही लिहू लागले. ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. ना अ‍ॅप, ना वर्ग. चार वर्षांत एक मराठी माणूस चिनीतून शिकवण्याइतका तयार होऊ शकतो, याला यापेक्षा भक्कम दाखला नको.

चिनीची वाक्यरचना आपल्यासारखी नाही. ‘मी खातो भात’ असा क्रम. पण काळ नाही, लिंग नाही, विभक्ती नाही. मराठी माणसाचा फायदा उच्चारात आहे, आणि तो रोमन लिपीमुळे वाया जातो. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची ‘फिन्-यिन्’ पद्धत चीनने १९५८मध्ये स्वीकारली. तिच्यातला ‘बी’ म्हणजे आपला प, आणि ‘पी’ म्हणजे फ, ओठ मिटून म्हटलेला. ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद चिनी भाषेचा कणा आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला तो कानाने पकडताना घाम फुटतो. आपल्याला तो बालवाडीपासून येतो. वर्तमानपत्रांतले ‘बीजिंग’ तिथे ‘पेइचिंग’ ऐकू येते ते याचमुळे. ‘झेड’ म्हणजे ‘चमचा’तला च, ‘जे’ म्हणजे ‘चहा’तला च, ‘क्यू’ म्हणजे छ. दोन्ही च मराठीत जिवंत आहेत, हिंदीत एकच आहे. माझा सल्ला असा की पहिल्याच दिवशी फिन्-यिन्‌चा तक्ता देवनागरीत लिहून भिंतीवर लावावा.

सूर मात्र नव्याने शिकावे लागतात. चार सूर आणि एक निःसूर. पहिला उंच आणि सपाट. दुसरा चढता, आपण आश्चर्याने ‘काय?’ म्हणतो तसा; तिसरा खाली दबलेला; चौथा झटक्यात पडणारा, ‘बस!’ म्हणून दटावताना येतो तो. तिसऱ्या सुरात ‘माइ’ म्हणजे विकत घेणे, चौथ्या सुरात ‘माइ’ म्हणजे विकणे. कापसाच्या बाजारात ही चूक परवडणार नाही! ‘मा’ पहिल्या सुरात आई, तिसऱ्यात घोडा, आणि वाक्याच्या शेवटी निःसूर ‘मा’ लावला की प्रश्न होतो. लिहितानाही आईचे अक्षर ‘बाई’ आणि ‘घोडा’ यांचे बनलेले: बाई अर्थासाठी, घोडा उच्चारासाठी. चिनी अक्षरांतली बहुसंख्य अशीच, एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा. निव्वळ चित्रे थोडी. नात्यांच्या शब्दांत पुन्हा आपण घरच्यासारखे: आत्या ‘कूकू’, मामा ‘चिउचिउ’, आणि काका वडिलांपेक्षा थोरला असला तर शब्द निराळा. अनोळखी बाईला मावशी म्हणून हाक मारायची पद्धतही तिथे आहे.

अंकांसाठी एक सूचना, दोन्ही भाषांना चालणारी. एकोणसत्तर-एकोणऐंशी असले काही तिथे नाही. ४७ म्हणजे चार-दहा-सात. पण मोठ्या रकमेत एकक दहा हजारांचे आहे. जपानीत ते ‘मान’, चिनीत ‘वान’. एक लाख म्हणजे दहा मान, दहा लाख म्हणजे शंभर मान. पगाराचा आकडा ऐकताना हे आधी डोक्यात बसलेले असावे.

आता मोबाइल. जपानी कीबोर्ड लावताना रोमन अक्षरांचा न घेता बारा बटणांचा ‘फ्लिक’ कीबोर्ड घ्या. त्यावरची बटणे अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा याच क्रमाने असतात. ‘का’ दाबून बोट डावीकडे सरकवले की ‘कि’, वर ‘कु’, उजवीकडे ‘के’, खाली ‘को’. बाराखडी अंगठ्यात येते. चिनीसाठी हस्तलेखनाचा कीबोर्ड लावून अक्षर बोटाने काढा, शब्द आपोआप सापडतो. सूर बरोबर आहे का ते तपासायला चिनी व्हॉइस टायपिंग सुरू करून एकेकटा शब्द म्हणा. फोनने भलतेच अक्षर लिहिले तर सूर चुकला. अख्खे वाक्य म्हणू नका, फोन संदर्भावरून अंदाज बांधून तुमची चूक झाकतो. उजळणीसाठी ‘अँकी’ हे फ्लॅशकार्डांचे अ‍ॅप अँड्रॉइडवर फुकट आहे. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे पुस्तक आवाजासकट मोफत उतरवता येते, एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे आहेत. चिनी शब्दकोशासाठी ‘प्लेको’. इंटरनेट चांगले असताना हे सगळे फोनमध्ये उतरवून ठेवा, भाषांतराच्या अ‍ॅपचे ऑफलाइन पॅकही. वुईचॅट मात्र मिळणार नाही. जून २०२०मध्ये भारताने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात ते होते, आणि चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद. त्यामुळे चिनी मित्राशी गप्पा मारून सराव करणे जपानीपेक्षा पुष्कळ अवघड आहे.

फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर दिसते, ही सोय घरच्या यंत्रांची माहितीपत्रके वाचायला उत्तम. पण यवतमाळ जिल्ह्यात एक इशारा द्यावाच लागतो. २०१७च्या खरिपात इथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि तेव्हा जोराने फवारणाऱ्या चिनी बनावटीच्या पंपांचीही चर्चा झाली होती. पंपाचे बटण कोणते हे कॅमेऱ्याने खुशाल वाचा. औषधाची मात्रा कॅमेऱ्याच्या भाषांतरावरून कधीही ठरवू नका. भारतात विकायच्या कीटकनाशकावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असलाच पाहिजे; लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्या डब्यावर तो नाही आणि मजकूर फक्त चिनी आहे, तो डबा घरी आणायचाच नाही.

दोन्ही भाषा एकदम सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सारखी दिसणारी अक्षरे आणि वेगळे उच्चार यांत डोके फिरते. यंत्रे, मोबाइलचे सुटे भाग, आयात-निर्यात यांत उतरायचे असेल तर चिनी. नोकरीसाठी जायचे असेल तर जपानी, आणि तीच आपल्याला जवळची. जपानने एप्रिल २०१९पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा आणि शेती ही कामेही त्यात येतात. भाषेची अट जपानीच्या एन४ या टप्प्याच्या परीक्षेची किंवा तिच्या तोडीच्या दुसऱ्या परीक्षेची, शिवाय त्या-त्या कामाची परीक्षा. शुश्रूषेसाठी भाषेची आणखी एक. ऑगस्ट २०२५मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाखांहून अधिक लोकांची ये-जा घडवण्याचे ठरवले. त्यात भारतातून जपानला जाणारे कुशल लोक ५० हजार. टोकियोच्या एदोगावा भागातून २०१९मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच आहेत.

जपानीच्या परीक्षेचे पाच टप्पे आहेत, एन५ सर्वांत सोपा. ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, अर्ज काही महिने आधी भरावे लागतात, पुणे हे केंद्र आहे. एन५ला १८०पैकी ८० गुण लागतात, एन४ला ९०, आणि ऐकण्याच्या भागात वेगळे किमान गुण मिळवावेच लागतात. तोंडी परीक्षा नसते. म्हणून कागद पास होऊनही बोलता न येणारे पुष्कळ असतात. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा, घरचे हसले तरी.

शेवटी पैशाचे. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला असला पाहिजे, आणि त्याने घ्यायचे शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच आहे. जपानचे नाव सांगून लाखांत मागणारे गावोगाव फिरतात. हिरागाना यायला पैसा लागत नाही, एन५ घरी बसून होते. एन४चे प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, आणि शेत तर मुळीच गहाण टाकू नका.